एमआरआयवरचे पांढरे डाग: एमएस की आणखी काही?

मोबाईलवर येणारा फोटो बहुधा असा असतो. घरातल्या ट्यूबलाइटसमोर धरलेली एमआरआयची फिल्म, तिच्याआडून दिसणारी पंख्याची पाती, आणि खाली मजकूर: ‘डॉक्टर, रिपोर्टमध्ये डिमायलिनेशन लिहिलंय. गुगलवर बघितलं तर एमएस म्हणतात. अर्जंट सांगा.’ त्या रात्री त्या घरात कोणी नीट झोपलेलं नसतं. आणि खरं सांगायचं तर त्या फोटोवरून मला काहीही सांगता येत नाही.

हा लेख अशा फोटोमागच्या माणसांसाठी आहे. मेंदूत पांढरे डाग दिसले म्हणजे एमएस झाला, असं नाही. डाग एमएसचे आहेत की दुसऱ्या कशाचे, हे ओळखायला एमआरआयमध्येच अलीकडे दोन चांगल्या खुणा हाताशी आल्या आहेत. आपल्याकडच्या मोठ्या शहरांतल्या बऱ्याच यंत्रांवर त्या आज बघता येतात. फक्त कुणीतरी तशी मागणी करायला हवी.

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याची मुख्य नस यांच्यातल्या तंतूंवर मायलिनचं वेष्टन असतं, वायरवरच्या प्लॅस्टिकसारखं. या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती त्या वेष्टनावरच चालून जाते. जिथे वेष्टन निघतं तिथे संदेश रेंगाळतात किंवा अडतात. वीस ते चाळीस हे सुरुवातीचं नेहमीचं वय, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये प्रमाण जास्त. हा गोऱ्या, थंड देशांचा आजार आहे असं आपल्याकडे बरीच वर्षं मानलं जायचं. १९९० मध्ये मुंबईचे न्यूरॉलॉजिस्ट डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारशी समाजात हा आजार चांगलाच आढळतो हे दाखवून दिलं. त्यानंतर घरोघरी नाही तरी गावोगावी एमआरआय यंत्रं आली आणि इतर समाजांतले रुग्णही दिसू लागले. त्याबरोबर दुसरीही एक गोष्ट झाली: डाग दिसू लागले.

पन्नाशीच्या कोणत्याही शंभर माणसांच्या डोक्याचा एमआरआय काढा. पुष्कळांच्या मेंदूत दोन-चार पांढरे ठिपके सापडतील. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू-सिगारेट, नुसतं वाढतं वय, आणि तरुण बायकांमध्ये मायग्रेन, ही त्यांची नेहमीची कारणं. रेडिओलॉजिस्ट प्रामाणिकपणे लिहितो, ‘नॉनस्पेसिफिक टी-टू हायपरइंटेन्सिटीज’. याचा साधा अर्थ ‘पांढरे ठिपके आहेत, कशाचे ते यावरून सांगता येत नाही’ एवढाच. त्याखाली शक्यतांची यादी येते, तीत कुठेतरी डिमायलिनेशन असतं, आणि घरच्यांची नजर नेमकी तिथे अडकते. रिपोर्टमधली ती यादी म्हणजे निदान नव्हे. ती डॉक्टरांसाठी लिहिलेली टीप असते.

चुकीचा शिक्का किती महाग पडतो हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं. एमएस नसताना एमएस ठरवल्या गेलेल्या ११० जणांची माहिती त्यात गोळा केली होती. खरा आजार म्हणून सगळ्यात जास्त वेळा निघालं ते मायग्रेन. सुमारे एक तृतीयांश लोकांनी तो शिक्का दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ वागवला होता, आणि सुमारे सत्तर टक्के लोकांना एमएसची औषधं दिली गेली होती. ही औषधं प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी असतात. उगाच घ्यावीत अशी नव्हेत.

म्हणून पहिली पायरी एमआरआयची नाही, तुमच्या गोष्टीची आहे. एमएसचा झटका असा असतो: एका डोळ्यापुढे दोन-तीन दिवसांत धुकं वाढत जातं, डोळा फिरवला की दुखतं, लाल रंग फिका, धुतल्यासारखा दिसतो. किंवा पायांपासून चढत चढत बेंबीपर्यंत बधिरपणा येतो, छातीला-पोटाला पट्टा आवळल्यासारखं वाटतं. मान खाली घातली की पाठीतून वीज गेल्यासारखा झटका येतो. त्रास किमान चोवीस तास टिकतो, बहुधा काही दिवस वाढतो आणि मग आठवड्यांत ओसरतो. कडकडीत पाण्याने आंघोळ केल्यावर किंवा एप्रिल-मेच्या उन्हात जुनी लक्षणं तात्पुरती परत डोकावतात, हीही एक ओळखीची खूण. याउलट दोन मिनिटं हाताला मुंग्या आल्या, आज डावा हात, उद्या उजवा गाल, नुसती चक्कर, नुसता थकवा, नुसती डोकेदुखी, यांवरून एमएसचा संशय घेण्याचं कारण सहसा नसतं. (आणि तोंड वाकडं होणं, हात किंवा पाय एकाएकी लुळा पडणं, बोबडी वळणं असं काही मिनिटांत घडलं, तर हा लेख बाजूला ठेवा आणि थेट मोठं रुग्णालय गाठा. ते पक्षाघाताचं काम आहे, तिथे तास महत्त्वाचे.)

दवाखान्यात जाण्याआधी एक कागद घ्या आणि तारखा लिहा. कोणत्या महिन्यात काय झालं, किती दिवस राहिलं, किती बरं झालं, स्टेरॉइड मिळालं होतं का. सहा वर्षांपूर्वी एक डोळा पंधरा दिवस धूसर झाला होता आणि आपोआप बरा झाला, ही गोष्ट पेशंट सांगायला विसरतात. आम्हाला मात्र ती दहा डागांपेक्षा जास्त सांगून जाते.

डाग कुठे आहेत

एमएसचं निदान जगभर ‘मॅकडॉनल्ड निकषां’वर होतं. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले न्यूरॉलॉजिस्ट इयन मॅकडॉनल्ड यांच्या नावाचे हे निकष २००१ मध्ये आले आणि पुढे अनेकदा सुधारले गेले. मूळ कल्पना साधी आहे. आजार मेंदूत एकाहून जास्त जागी पसरलाय का, आणि एकाहून जास्त वेळा आलाय का, हे दाखवायचं. जागाही ठरलेल्या आहेत: मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांना चिकटून, मेंदूच्या बाहेरच्या करड्या थराला लागून किंवा त्या थरातच, लहान मेंदू आणि मेंदूच्या देठात, आणि मज्जारज्जूत. निकषांच्या २०२४ च्या आवृत्तीत डोळ्याच्या नसेला पाचवी जागा म्हणून मान मिळाला.

मायग्रेनचे किंवा रक्तदाबाचे ठिपके बहुधा या जागा सोडून, पांढऱ्या भागाच्या मध्यावर विखुरलेले असतात. पोकळ्यांना काटकोनात उभे राहिलेले, बोटांसारखे लांबट डाग एमएसकडे बोट दाखवतात. एडिनबरोच्या जेम्स डॉसन यांनी १९१६ मध्ये या रचनेचं बारकाईने वर्णन केलं, म्हणून आजही त्यांना ‘डॉसन फिंगर्स’ म्हणतात. मज्जारज्जूतला डाग तर फारच मोलाचा. वयाने, रक्तदाबाने, मायग्रेनने मज्जारज्जूत डाग पडत नाहीत. नुसता डोक्याचा एमआरआय काढून पैसे वाचवल्याचं समाधान मानणाऱ्यांना मी म्हणून सांगतो की संशय खरोखरच एमएसचा असेल तर मान आणि पाठीचा एमआरआय टाळू नका.

शीर आणि कडा

आता त्या दोन खुणा. पहिली गोष्ट जुनी आहे, नवं आहे ते तिला जिवंत माणसात बघणं. १८६३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ एडुआर्ड रिंडफ्लाइश यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की एमएसच्या डागाच्या मध्यातून एक बारीक रक्तवाहिनी जाते. पॅरिसच्या जाँ-मार्टिन शार्को यांनी या आजाराचं सविस्तर वर्णन केलं ते त्यानंतर पाच वर्षांनी. कारण असं की, चाल करून येणाऱ्या पांढऱ्या पेशी बारीक शिरेतून बाहेर पडतात आणि तिच्याभोवती चहूबाजूंनी मायलिन कुरतडतात. डाग त्या शिरेभोवती वाढतो. रक्तदाबाच्या ठिपक्यांची गोष्ट वेगळी, तिथे बिघाड बारीक धमनीच्या भिंतीत असतो. म्हणून त्यांच्या पोटात शीर सहसा सापडत नाही.

शिरेतल्या रक्तातला प्राणवायू कमी झालेला असतो, आणि असं रक्त चुंबकीय क्षेत्रात थोडीशी गडबड करतं. त्या गडबडीला संवेदनशील असा सीक्वेन्स, म्हणजे प्रतिमा काढण्याची पद्धत, लावला की शीर काळी रेघ म्हणून उमटते. पांढरा डाग, त्याच्या मधोमध काळी रेघ, आडवा छेद घेतला तर काळं टिंब. हिला ‘सेंट्रल व्हेन साइन’ म्हणतात. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी दोन प्रकारच्या प्रतिमा एकावर एक ठेवून ती एकाच चित्रात स्पष्ट दाखवण्याची पद्धत मांडली, आणि तिथून हा विषय प्रयोगशाळेतून दवाखान्याकडे सरकला.

मोजायचं कसं, यालाही सोपा नियम निघाला आहे. शीर मध्यावर असलेले सहा किंवा जास्त डाग सापडले की खूण पक्की धरायची. एकूण डाग दहापेक्षा कमी असतील तर शीरवाले डाग बिनशीरवाल्यांपेक्षा जास्त हवेत. तीन मिलिमीटरहून लहान ठिपके आणि एकमेकांत मिसळलेले मोठे डाग मोजणीत धरायचे नाहीत. एखादा डाग शीरवाला निघाला म्हणून घाबरायचं नाही, मायग्रेनमध्येही असा एखादा सापडतो. पारडं बहुमताने झुकतं.

दुसरी खूण कडेची. काही जुन्या डागांमधली आग विझलेली नसते, राखेखालच्या निखाऱ्यासारखी ती कडेकडेने धुमसत राहते. त्या कडेवर लोह साठवलेल्या पेशी गोळा होतात आणि एमआरआयच्या ‘फेज’ नावाच्या प्रतिमेत डागाभोवती गडद वलय दिसतं. या डागांना ‘पॅरामॅग्नेटिक रिम लिजन’ म्हणतात. एमएसशिवाय इतर आजारांत असं वलय क्वचितच दिसतं, त्यामुळे एक जरी नीट दिसलं तरी ते वजनदार. पण ते एमएसच्या साधारण निम्म्याच रुग्णांत सापडतं, म्हणून वलय नाही म्हणजे एमएस नाही, असा उलटा अर्थ काढू नये. असे डाग पुष्कळ असतील तर पुढे अपंगत्व वाढण्याची शक्यता जास्त, असंही दिसून आलं आहे. औषध निवडताना आम्ही ते लक्षात घेतो.

या दोन्ही खुणांना २०२४ च्या निकषांनी निदानाचा आधार म्हणून जागा दिली. सक्ती केलेली नाही. लक्षणं ठळक आहेत, डाग नेमक्या जागी आहेत, तिथे त्यांच्यावाचून काही अडत नाही. अडतं ते काठावरच्या माणसांचं. पन्नाशी ओलांडलेले, मायग्रेनवाले, रक्तदाब-मधुमेह असलेले, यांच्या बाबतीत नव्या निकषांनी जास्तीचा पुरावा बघायला सुचवलंय. माझ्या मते खरा फायदा यांचाच आहे. अडतीस वर्षांची, बारा वर्षं अर्धशिशी सोसणारी बाई हातात ‘डिमायलिनेशन’ लिहिलेला रिपोर्ट घेऊन येते, तिच्या चौदा ठिपक्यांपैकी एकातही शीर दिसत नाही, मज्जारज्जू स्वच्छ आहे. अशा वेळी तिला ‘घरी जा आणि मायग्रेनचं औषध नीट घ्या’ असं सांगताना माझा आवाज आता आधीपेक्षा खात्रीचा असतो.

सेंटरवर काय मागायचं

इथे जरा तपशिलात जाऊ, कारण चुका इथेच होतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय ब्रेन’ असेल तर सेंटरवर नेहमीचा साचा लागतो: जाड काप, मध्ये फटी, वीस मिनिटांत काम. डोकेदुखीला ते चालतं, एमएससाठी अपुरं पडतं. चिठ्ठीवर ‘एमएस प्रोटोकॉल’ असं लिहून घ्या. त्यात एक मिलिमीटर जाडीचा थ्री-डी फ्लेअर असावा, म्हणजे हवा त्या दिशेने काप पाडून बघता येतं. यंत्र तीन टेस्लाचं मिळालं तर उत्तम. शीर आणि कडा दीड टेस्लावर पुसट दिसतात.

तिसरी गोष्ट म्हणजे एसडब्ल्यूआय, चुंबकीय गडबड टिपणारा सीक्वेन्स. गंमत अशी की हा सीक्वेन्स आपल्याकडच्या बहुतेक चांगल्या सेंटरांवर रोज वापरला जातो, मेंदूतला बारीक रक्तस्राव आणि कॅल्शियमचे ठिपके शोधायला. शीर बघायला तोच उपयोगी पडतो. कडा बघायला त्यातल्या फेज प्रतिमा लागतात, आणि त्या यंत्रात तयार होऊनही कित्येकदा जपून ठेवल्या जात नाहीत. म्हणून तंत्रज्ञाला आधीच विनंती करा: एसडब्ल्यूआय बारीक कापांचा करा आणि फेज इमेजेस सीडीत टाका. दहा मिनिटं जास्त लागतील.

स्पेक्ट्रोस्कोपी, ट्रॅक्टोग्राफी अशी भारदस्त नावं आणि रंगीबेरंगी चित्रं पॅकेजमध्ये जोडून देणारेही भेटतात. एमएसच्या निदानाला त्यांचा उपयोग नाही. तो खर्च मज्जारज्जूच्या एमआरआयवर करा.

गॅडोलिनियमचं इंजेक्शन, म्हणजे कॉन्ट्रास्ट, पहिल्या तपासणीत बहुधा लागतं. ताजे डाग साधारण दोन ते सहा आठवडे ते शोषून चमकतात, जुने चमकत नाहीत. एकाच फिल्मवर चमकणारे आणि न चमकणारे दोन्ही दिसले की आजार एकाहून जास्त वेळा आलाय हे तिथेच कळतं. स्टेरॉइड सुरू झालं की ही चमक विझते, त्यामुळे शक्य असेल तर एमआरआय आधी काढावा. पण डोळा झपाट्याने जात असेल तर एमआरआयच्या नंबरासाठी औषध थांबवू नये. मूत्रपिंडाचा त्रास असल्यास क्रिएटिनीन आधी तपासून घ्या. गरोदर असाल किंवा शंका असेल तर तसं सांगा, गरोदरपणात हे इंजेक्शन टाळतात.

आत जाताना मंगळसूत्र, जोडवी, साडीच्या पिना, केसांतल्या क्लिपा, जपमाळेतली तार, खिशातलं नाणं, सगळं बाहेर. हृदयाचा पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, डोक्यातली क्लिप, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण यांची माहिती विचारण्याआधीच द्या. ही औपचारिकता नाही. २०१८ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर हातात घेऊन आत गेलेला पेशंटचा नातेवाईक यंत्राकडे खेचला गेला आणि त्यात त्याचा जीव गेला. यंत्र बंद दिसलं तरी चुंबक चालूच असतो. बंद जागेची भीती असेल तर लाजू नका, झोपेचं हलकं औषध देता येतं. आवाज मोठा येतो, कानात बोळे मागून घ्या. आणि हलू नका: बारीक शीर हलल्यावर सगळ्यात आधी पुसली जाते.

एमआरआयच्या पलीकडचं

आपल्या देशात काही जास्तीच्या तपासण्या मी सोडत नाही. बी-१२ ची पातळी, कारण शाकाहारी घरांत त्याची कमतरता सर्रास असते आणि ती मज्जारज्जूला एमएससारखंच दुखावते. क्षयाच्या गाठी आणि मेंदूतल्या जंतांच्या गाठी, ज्या एमआरआयवर चमकतात आणि नवख्या डोळ्याला फसवतात. आणि दोन जुळ्या भावंडांसारखे दिसणारे आजार, एनएमओ आणि मॉग. त्यांच्यासाठी रक्तात अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग प्रतिपिंडांची तपासणी करतात, आणि ती ‘सेल-बेस्ड’ पद्धतीची असेल हे बघून घ्यावं. दोन्ही डोळे एकदम जाणं, मज्जारज्जूत तीन किंवा जास्त मणक्यांएवढा लांब डाग, न थांबणारी उचकी-उलटी, अशा गोष्टी दिसल्या तर ही तपासणी आधी. एमएसची काही औषधं, उदाहरणार्थ इंटरफेरॉन, एनएमओच्या पेशंटला दिली तर तो आजार भडकतो. लहान मुलांमध्ये मॉगची तपासणी विशेष महत्त्वाची.

पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं की घरातले मोठे हमखास हात वर करतात. ‘कंबर कायमची जाते’ ही समजूत अजून गेलेली नाही. सुई जिथे घालतात तिथे मज्जारज्जू संपलेला असतो. दोन-तीन दिवस डोकं दुखू शकतं, एवढंच. त्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड सापडले तर निदानाला मोठा टेकू मिळतो. बरोबर रक्ताचाही नमुना दिला पाहिजे, तुलना त्याच्याशीच असते. नव्या निकषांत काप्पा फ्री लाइट चेन ही तपासणीही चालते.

एवढं सगळं करूनही कधीकधी उत्तर ‘आत्ता सांगता येत नाही’ असंच येतं. ते डॉक्टरांचं अज्ञान समजू नका. सहा महिन्यांनी, शक्यतो त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने पुन्हा एमआरआय काढून तुलना करणं हा शहाणा मार्ग आहे. दुसरं मत जरूर घ्या, पण एमएसचे पेशंट नेहमी बघणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टचं.

आणि निदान पक्कं झालंच, तर लपवण्यासारखं त्यात काही नाही. लवकर सुरू केलेल्या उपचाराने झटके आणि नवे डाग बरेच आटोक्यात राहतात. औषध सुरू झाल्यावर तीन ते सहा महिन्यांनी एक एमआरआय आणि मग साधारण वर्षातून एकदा, प्रत्येक वेळी कॉन्ट्रास्ट लागतोच असं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत एमएसचं नाव आहे, तेव्हा त्रास तेवढा असेल तर प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. १९८५ मध्ये मुंबईत सुरू झालेली मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था पुण्यातही काम करते. तिथे हाच आजार घेऊन नोकरी, संसार, मुलंबाळं सांभाळणारी माणसं भेटतील.

येताना जुने-नवे सगळे एमआरआय सीडीत किंवा पेन ड्राइव्हमध्ये घेऊन या. सेंटरवाले फक्त फिल्म देत असतील तर सीडी मागून घ्या, ती तुमचीच आहे. फिल्मवर शीर दिसत नाही, आणि मोबाईलमधल्या फोटोत तर पंखाच जास्त दिसतो.